विहिरीकडची बाजू

आमच्या वाडीला दोन बाजू होत्या. वरची रस्त्याकडची, तिथं विहीर. खालची खाडीकडची, तिथं उधाणाला बांध फुटला की खारं पाणी आत शिरायचं आणि पुढच्या वर्षभर सुपाऱ्यांचे झाप पिवळे पडत जायचे. तरी वाडी एकच होती. मधली कुंपणाची रेघ १९६१ साली पडली, माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडच्या अष्टागरातले. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका नवगावच्या किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून आपण झालो, ही गोष्ट आमच्या घरात झोपताना सांगायची गोष्ट होती. घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. माझ्या आजोबांच्या वेळेपर्यंत घाणा बंद पडला होता. राहिली होती ती वाडी. आजोबा लवकर गेले. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांना वाढवलं आजोबांच्या धाकट्या भावानं. बाबा त्यांना काका म्हणायचे, आम्ही धाकटे आजोबा.

भांडण पाण्याच्या पाळीवरून झालं. विहिरीवर रहाट होता, पोहऱ्यांचं पाणी पाटानं दोन्ही बाजूंना जायचं. बाबांचं लग्न झालं, हाताखाली वेगळा गडी आला. पाट कुणी कधी वळवायचा यावरून दोन गड्यांची तोंडातोंडी, आणि एका सकाळी एकानं दुसऱ्यावर खोरं उगारलं. त्याच संध्याकाळी धाकट्या आजोबांनी बाबांना ओटीवर बोलावलं. म्हणाले, "आज गडी भांडले. उद्या आपण भांडू. त्यापेक्षा वेगळे होऊ. तुला कुठली बाजू पाहिजे ते तू सांग, उरेल ती माझी."

बाबा चोवीस वर्षांचे होते. म्हणाले, "विहिरीकडची."

हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. विचारायला कारण घडलं मशिदीत. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची. बायका वर सज्ज्यात बसायच्या, पण लहान मुलींना खाली वडिलांजवळ बसलेलं चालायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. सण सरले, तोरा, आमचा धर्मग्रंथ, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, नोहाची पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा पाठ, झाली आणि तिसऱ्या शब्बाथला, शनिवारी, 'लेख लेखा' आली. प्रार्थना चालवणारे हज्जान वाचत होते, बाबा पुस्तकातल्या ओळीवरून बोट फिरवत होते. एका जागी बोट थांबलं. हज्जान पुढे गेले, शेजारच्यांची पानं उलटली, बाबांचं बोट तिथंच. पुढच्या वर्षी मी मुद्दाम पाहिलं. तीच जागा. तोऱ्याचं पहिलं पुस्तक उत्पत्ति, १३वा अध्याय.

त्या जागी काय आहे ते आता मला पाठ आहे. अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट मिसर देशातून परत आलेत. लोटाचा बाप हारान कधीच वारला आहे, आणि अब्रामानं आपलं गाव सोडलं तेव्हापासून हा पुतण्या त्याच्याबरोबर आहे. दोघांकडे शेरडंमेंढरं, गुरं, तंबू इतके झालेत की जमिनीला ते पेलवेनात. दोघांच्या गुराख्यांत तंटा होतो. अब्राम पुतण्याला म्हणतो: माझ्यातुझ्यात तंटा नको, आपण भाऊबंद आहोत. सगळा देश तुझ्यापुढे आहे ना? माझ्यापासून वेगळा हो. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन, तू उजवीकडे गेलास तर मी डावीकडे.

मूळ हिब्रूत 'अनाशीम आहीम' आहे, भाऊ असलेली माणसं. मराठीत त्याला भाऊबंद हाच शब्द शोभतो. पण याच शब्दापासून आपण भाऊबंदकी केली, आणि भाऊबंदकी म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नात्याचं नाव आणि भांडणाचं नाव एकाच मुळातून निघालं. अब्रामाचं ते वाक्य मी मराठीत वाचते तेव्हा त्याची विनवणी आणि तिची भीती, दोन्ही मला एकाच शब्दात ऐकू येतात.

लोट मान वर करतो आणि बघतो. बेथेल आणि आय यांच्यामधल्या डोंगरावर ते उभे आहेत. बेथेल म्हणजे आजच्या रामल्लाजवळचं बेतीन, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आठ-नऊशे मीटर उंचीचा तो डोंगरकणा, आणि पूर्वेला जमीन उतरत उतरत यार्देनच्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या, खोऱ्यात जाते. तिथं त्याला दिसतं सोअरपर्यंत भरपूर पाण्याचं रान, परमेश्वराच्या बागेसारखं, मिसर देशासारखं. आणि मग तीन छोटे शब्द येतात: 'वयिवहर लो लोट'. लोटानं आपल्यासाठी निवडलं. 'लो', म्हणजे स्वतःसाठी.

सगळ्या अध्यायात लोट एक शब्दही बोलत नाही.

लहानपणी मला हा लोट वाईट माणूस वाटायचा, कारण पुढे सदोम येतं, त्या खोऱ्यातलं पापी नगर, आग आणि गंधक येतं, आणि गोष्ट ऐकणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. पण त्या डोंगरावर उभं राहून पाहिलं तर त्यानं काय चूक केली? विचारलं म्हणून सांगितलं. पाणी बघून जमीन घेतली. कोकणातला कुठलाही शहाणा माणूस तेच करेल. त्याचं वागणं सगळं बरोबर होतं, एक वाक्य तेवढं राहिलं: "काका, आधी तुम्ही." तेवढं म्हटलं असतं तर काकानं नाही म्हटलंच असतं आणि जमीन कदाचित तीच वाट्याला आली असती. माझ्या बाबांनाही ते वाक्य सुचलं नव्हतं. पुस्तकात बोट थांबायचं ते न लिहिलेल्या त्या वाक्यावर, असं मला वाटतं.

११व्या शतकात फ्रान्समधल्या त्रुआ गावी राहिलेल्या राशी या भाष्यकारांची टीका आजही तोऱ्याच्या पानाशेजारी छापतात. ते या 'भाऊबंद' शब्दाशी परंपरेतलं एक सुंदर टिपण देतात: काका-पुतण्या चेहऱ्यानं सारखे दिसत. अब्रामापुढे उभा असलेला तो तरुण म्हणजे जवळजवळ त्याचाच चेहरा. आमच्या भिंतीवर एक फोटो होता. बाबा आणि धाकटे आजोबा शेजारी शेजारी उभे. पाहुणे नेहमी विचारायचे, हे सख्खे भाऊ का?

पण राशी लोटाच्या गुराख्यांना दोष देऊन मोकळे होतात, दुसऱ्यांच्या शेतात चारायचे म्हणतात, तिथं माझं मन पुढे सरकत नाही. कारण तंट्याचं मूळ एक अध्याय आधी आहे. दुष्काळ पडला म्हणून अब्राम मिसरात गेला तेव्हा वेशीवरच तो बायकोला, सारायला, म्हणाला, तू माझी बहीण आहेस असं सांग, म्हणजे तुझ्यामुळे माझं बरं होईल. सारायला फारोच्या वाड्यात नेलं. आणि तिच्यापायी अब्रामाला मेंढरं, गुरं, गाढवं, दासदासी, उंट मिळाले. जमिनीला न पेलवलेल्या संपत्तीतला मोठा हिस्सा इथून आलेला आहे. स्वतःच्या जिवासाठी बायकोला पुढे करून मिळालेली गुरं घेऊन तो परतला, आणि त्याच गुरांनी पुढे पुतण्याला तोडलं. लोटाला ते खोरं 'मिसर देशासारखं' दिसलं यात मला नवल वाटत नाही. आपलं बरं कसं बघायचं ते तो तिथं काकाकडूनच शिकला होता.

मग डोंगरावर अब्राम इतका उदार कसा झाला? मला वाटतं तो मिसरात लाजला होता. फारोनं त्याला विचारलं होतं, तू माझ्याशी हे काय केलंस? या प्रश्नाला अब्रामाचं उत्तर पुस्तकात नाही. बेथेलच्या डोंगरावर त्यानं निवड पुतण्यावर सोडली, ते त्याचं उत्तर असावं. हे माझं मत आहे, कुठल्या टीकाकाराचं नाही.

आणि 'स्वतःसाठी' हे शब्द वाईट माणसांपुरते राखूनही ठेवलेले नाहीत. पाराशेचं नावच बघा: 'लेख लेखा'. जा, तुझ्यासाठी जा. देव अब्रामाला देश, गोत, बापाचं घर सोडायला सांगतो तेव्हाच 'लेखा' म्हणतो, आणि राशी अर्थ देतात: तुझ्या सुखासाठी, तुझ्या भल्यासाठी. अब्राम पंचाहत्तर वर्षांचा होता. मागे म्हातारा बाप तेरह हारान गावात राहिला. आपल्या भल्यासाठी निघणं आणि कुणाला तरी मागे सोडणं हे त्या घराण्याच्या पहिल्या पावलापासून आहे, आणि ते पाऊल देवानं सांगून टाकलेलं आहे. म्हणून मला ही गोष्ट चांगला काका आणि वाईट पुतण्या अशी वाचता येत नाही.

लोटाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण किती सावकाश झालं ते फार कुणी सांगत नाही. आधी तो सदोमाच्या दिशेनं तंबू ठोकत जातो. पुढच्या अध्यायात तो सदोमात राहतोय. १९व्या अध्यायात तो सदोमाच्या वेशीत बसलाय, आणि वेशीत बसतो तो गावातला मानाचा माणूस. कुठल्या एका दिवशी तो बिघडला असं दाखवता येत नाही. वेशीत बसलेला हा माणूस पाहुण्यांना आग्रह करकरून घरी नेतो, बिनखमिराच्या भाकरी भाजतो, त्याला काकाच्या घरची रीत आठवते आहे. आणि त्याच रात्री गावकरी दारावर आले तेव्हा पाहुण्यांना वाचवायला तो आपल्या दोन मुली पुढे करतो. ते वाक्य आलं की मी दर वर्षी पुस्तक क्षणभर मिटते. मिसरच्या वेशीवर सारायला पुढे केलं होतं, सदोमात मुलींना. निवडणारे निवडतात तेव्हा त्यांच्या मागच्या तंबूत ज्या बायका असतात त्यांना कुणी विचारलेलं नसतं. माझ्या आईलाही विचारलं नव्हतं. विहिरीकडची बाजू मिळाली त्या रात्री ती जेवली नाही. का, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

तुटलं म्हणून संपलं, असं हे पुस्तक मानत नाही. वेगळे झाले ते सांगतानाही ते म्हणतं, माणूस आपल्या भावापासून वेगळा झाला. आणि चार राजे सदोमावर चालून येऊन लोटाला धरून नेतात तेव्हा लिहिलंय: आपला भाऊ कैद झाला हे अब्रामानं ऐकलं. पुतण्या नाही, भाऊ. घरच्या ३१८ माणसांना घेऊन तो दानपर्यंत, आणि पुढे दमास्कसच्या उत्तरेला होबापर्यंत पाठलाग करतो आणि लोटाला सोडवून आणतो. लोट परत जातो तो सदोमातच. काका अडवत नाही, सुनावतही नाही.

मग १८वा अध्याय. अब्राम आता अब्राहाम झालाय. सदोमाचा नाश होणार हे कळल्यावर तो देवापुढे उभा राहून घासाघीस करतो. नगरात पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा. लोटाचं नाव त्याच्या ओठावर एकदाही येत नाही. मिद्राशात, म्हणजे जुन्या भाष्यांत, म्हटलंय की तो दहावर थांबला कारण त्यानं मनात लोटाचं घर मोजलं होतं: लोट, त्याची बायको, चार मुली, चार जावई.

दहा हा आकडा आमच्या घरात वेगळ्या तऱ्हेनं मोजला जायचा. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दहा झाले नाहीत तर तोऱ्याची गुंडाळी बाहेर काढत नाहीत, गेलेल्या माणसासाठीचं कद्दिश म्हणता येत नाही. १९४८च्या सुमारास भारतात आमची माणसं वीस हजारांच्या आसपास होती. मग इस्राएलला जाणं सुरू झालं. माझ्या लहानपणी शब्बाथच्या सकाळी मशिदीत माणसं मोजली जायची, आणि सात-आठावर गाडी अडली की बाबा मला आळीत पिटाळायचे. "बघ गं, कोण राहिलंय का." मी एकेका दारात जाऊन हाक मारायची. दार उघडायचं, माणूस टोपी शोधायचा, मी पुढच्या दारी. मग दारं बंद राहू लागली. एका ओटीवर उलटी टांगलेली खाट, एका दाराला कुलूप आणि कुलपाला चिंधी. गेलेल्यातल्या प्रत्येकाचं कारण चोख होतं. मुलाला नोकरी, मुलीला स्थळ, आपला देश, आजारपणात सरकारी दवाखाना. कुणीही आपल्या भल्यावाचून दुसरं काही पाहिलं नाही आणि कुणीही कुणाचं वाईट चिंतलं नाही. तरी मी एका सकाळी शेवटच्या दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "नऊच आहेत." बाबांनी पुस्तक मिटलं.

धाकटे आजोबा १९६८ साली इस्राएलला गेले. खालची बाजू सात वर्षं कसून पाहिली. बांध घालायचे, खारं पाणी पुन्हा यायचं. शेवटी ती विकली आणि बायको-मुलांना घेऊन ते नेगेव वाळवंटातल्या दिमोनाला गेले. बाबा निरोपाला मुंबईला गेले नाहीत. गड्याच्या हाती दोन डझन शहाळी पाठवली.

मग निळी एअरोग्राम पत्रं येऊ लागली, मोडीचं वळण असलेल्या अक्षरात. शेवट प्रत्येक वेळी एकच: "विहिरीला पाणी किती आहे?" बाबा पत्र वाचायचे, घडी घालायचे, कपाटात ठेवायचे. उत्तरात सगळ्यांची खुशाली असायची. विहिरीबद्दल ते एक अक्षर लिहायचे नाहीत. त्यांना तो टोमणा वाटायचा. मलाही, पुढे कितीतरी वर्षं.

तोऱ्यात विहिरींवरून काय काय झालंय ते मी मोठेपणी एकेक करून वाचलं. अब्राहामाचा मुलगा इसहाक, त्याच्या माणसांनी गराराच्या खोऱ्यात विहीर खणली, तिथले गुराखी म्हणाले पाणी आमचं. तिचं नाव त्यानं एसेक ठेवलं, भांडण. दुसरी खणली, तिच्यावरूनही तेच. तिचं नाव सितना, वैर. तो पुढे सरकला, तिसरी खणली, तिच्यावरून कुणी भांडलं नाही. तिचं नाव रहोबोथ, ऐसपैस जागा. आणि त्याही आधी हागार, सारायची दासी, अब्राहामाच्या मुलाची, इश्माएलची आई. साराय आता सारा झाली होती. तिला इसहाक झाला, आणि आपल्या मुलाला वाटेकरी नको म्हणून तिनं अब्राहामाला सांगितलं, या दासीला आणि तिच्या मुलाला घालवून दे. अब्राहामाला ते फार लागलं, तरी पहाटे उठून त्यानं भाकर आणि पाण्याची मसक हागारच्या खांद्यावर ठेवली. मसक संपली. बैर-शेबाच्या रानात तिनं मुलाला झुडपाखाली टाकलं आणि बाण जाईल इतकं लांब जाऊन बसली, पोराचं मरण डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून. मग देवानं तिचे डोळे उघडले आणि तिला पाण्याची विहीर दिसली.

देव विहीर निर्माण करतो असं तिथं म्हटलेलं नाही. विहीर होतीच. लोटानं लांबवरचं पाणी एका नजरेत हेरलं, आणि या बाईला जवळची विहीर दिसायला एवढं रडावं लागलं. या दोन जागा मी एकामागून एक वाचते तेव्हा मला हागारच्या बाजूनं बोलावंसं वाटतं. वाटणीत जिला काही मिळालं नाही तिच्यासाठीही पुस्तकानं पाणी राखून ठेवलं, हे मला माझ्या धर्मातलं सर्वांत मोठं आश्वासन वाटतं.

आणि रूथ. डोंगरावरच्या गुहेत लोटाचं जे झालं, दारूच्या गुंगीत, मुलींपासून, त्यातून मवाब जन्मला. त्याच मवाबातली रूथ. शावुओतच्या सणाला आम्ही तिचं पुस्तक वाचतो. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी बेथलेहेमला परत निघते. सुना बरोबर येतात. नामी म्हणते, मागे फिरा, माझ्याबरोबर तुमचं भलं नाही. अर्पा रडते, सासूचा मुका घेते, माहेरी जाते. तिला कुणी नाव ठेवत नाही, मीही ठेवत नाही. रूथ चिकटून राहते. तू जाशील तिथं मी येईन. आणि शेवटी: मरणच माझ्यातुझ्यात वेगळेपण आणील. 'याफ्रिद बेनी उवेनेख'. अब्राम लोटाला म्हणाला होता 'हिपारेद ना', वेगळा हो; तोच धातू. तंटा नको म्हणाला तेही 'बेनी उवेनेखा', माझ्यातुझ्यात, तेच शब्द. डोंगरावर ज्या शब्दांनी एक घर फुटलं, तेच शब्द लोटाच्या वंशातली ही परकी विधवा सून किती पिढ्यांनंतर उलटे करून म्हातारीच्या हातात देते. लोट जे बोलला नाही ते ती बोलते. तिच्या पणतवाचं नाव दावीद, इस्राएलचा राजा. हे हिब्रूत पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तेव्हा बाबा जाऊन एक वर्ष झालं होतं.

बाबा २००४च्या पावसाळ्यात गेले. घर गावकऱ्यांनी भरलं होतं, आगरी, माळी, कोळी, मुसलमान, सगळे. पण कद्दिशसाठी दहा जमेनात. ठाण्याहून आणि पनवेलहून निघालेली माणसं पुरात अडकली. रात्री दिमोनाहून फोन आला. धाकट्या आजोबांचा मुलगा, माझा चुलत काका, अकरा वर्षांचा असताना गेलेला. म्हणाला, "बाय, इथं दहा जमवले. दादाचं कद्दिश मी म्हटलं." इसहाक आणि इश्माएल, एकाला ठेवण्यासाठी दुसऱ्याला घालवलेला, अब्राहामाला पुरायला मकपेलाच्या गुहेपाशी दोघं एकत्र येतात. त्याबद्दल एकच वचन आहे, कोण काय बोललं ते नाही.

२०११ साली मी दिमोनाला गेले. धाकटे आजोबा तोवर नव्हते. काकानं एक दिवस मला गाडीनं मृत समुद्राकडे नेलं. रस्ता वाळवंटातून खाली खाली उतरतो, कानांना दडे बसतात. मृत समुद्राचं पाणी समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून अधिक खाली आहे. तळाला नेओत हाकिकार नावाची वस्ती लागली. 'किकार' हा १३व्या अध्यायातलाच शब्द, लोटानं निवडलेलं खोरं. जाळ्यांखाली भोपळी मिरची लावलेली. पलीकडे जॉर्डनमध्ये साफी गाव, तेच जुनं सोअर म्हणतात. मग सदोमाचा डोंगर, मैलोनमैल, जवळजवळ सगळा मिठाचा, आणि वर कड्यापाशी उभा एक सुटा सुळका. काकानं बोट दाखवलं, "लोटाची बायको." सदोमातून पळताना मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेली. मी खडकाला हात लावून बोट चाटलं. मीठच.

समुद्र मात्र रस्त्यापासून फार लांब गेलेला. पाणी दर वर्षी सुमारे मीटरभर खाली जातंय, काका म्हणाला. वरून यार्देन येते, तर तिचं पाणी इस्राएल उचलतं, जॉर्डन उचलतं, सीरिया उचलतं. उरलंसुरलं खाली खनिजांच्या कारखान्यांच्या तळ्यांत आटतं. ज्याचं त्याचं शेत, ज्याची त्याची गावं तहानलेली. ज्या खोऱ्याकडे लोटानं 'सगळीकडे पाणी' म्हणून पाहिलं, तिथं आता किनाऱ्यावरच्या जमिनीत खड्डे पडताहेत.

परतीला आम्ही गप्प होतो. मग मी विचारलं. इतकी वर्षं मनात होतं ते. "काका, धाकटे आजोबा प्रत्येक पत्रात विहिरीचं विचारायचे. बाबांना ते लागायचं."

काकानं गाडी हळू केली. "लागायचं? कशानं?"

मी सांगितलं कशानं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आबांना इथलं पाणी कधी आवडलं नाही गं. नळाचं पाणी तोंडात घेतलं की तोंड वाकडं करायचे. म्हणायचे, आपल्या विहिरीचं पाणी म्हणजे शहाळ्यासारखं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. पत्र आलं की आधी शेवट बघायचे, विहिरीचं काही लिहिलंय का. मग मला म्हणायचे, लिहिलं नाही, आटली असेल, वाईट वाटायला नको म्हणून लिहीत नाही बिचारा."

चढण सुरू झाली होती. बाहेर अंधार पडत होता.

"मग?" काका म्हणाला. "आहे पाणी?"

"आहे. मे महिन्यात खालच्या सहा पायऱ्या उघड्या पडतात, पण तळ दिसत नाही. रहाट मोडला, पंप बसवलाय. शेजारी बंगले झालेत, त्यांच्या बोअर आहेत, तरी आपली आटली नाही."

"आणि गोड?"

"गोड."

"तिथं भिंतीत पिंपळ आला होता. आबा दर वर्षी उपटायचे."

"अजून येतो," मी म्हटलं. "मीच उपटते आता."

मग दिमोनाचे दिवे दिसेपर्यंत तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. थारोळ्याचा दगड, पाटाची वळणं, कासव, पलीकडच्या रातांब्याचं झाड.